गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या वाटेला आलं नसतं तर बरं झालं असतं, असं बाहेरचं काय?

संगमावरची (हरिपूर, सांगली)

मिरजेचं गाणं बाहेरून आलेल्या माणसांनीच मोठं केलं, हे आधी मान्य करू. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या किराणा गावचे. १९३७ साली मद्रासजवळच्या एका रेल्वे स्टेशनवर त्यांनी देह ठेवला आणि त्यांचं दफन झालं ते मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरला जाऊन ख्याल उचलला. त्यांच्यापाशी मिरजेत विष्णु दिगंबर शिकले आणि पुढे १९०१ साली थेट लाहोरला विद्यालय काढून बसले. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडून मिरजेत नीलकंठबुवांकडे शिकायला आले. बालगंधर्वांच्या गाण्याला तबला मिळाला थिरकवाँसाहेबांचा आणि सारंगी कादरबक्षांची. ही माणसं आली नसती तर आपल्याकडे काय उरलं असतं, हा विचारही नको वाटतो. त्यामुळे ‘परकं ते वाईट’ असा हा धागा नाही, कृपया तसा वाचू नका.

मला विचारायचंय ते असं: बाहेरून आलेलं असं काय आहे की जे आलं नसतं तर आपले कलाकार आज जास्त चांगले गायले-वाजवले असते?

माझं उत्तर आधी देते. शिकवणीतली पेटी. मैफलीतली म्हणत नाही.

मी मुलांना गाणं शिकवते. नवीन मूल येतं ते बहुतेक वेळा आधी कुठंतरी पेटीवर अलंकार घोटून आलेलं असतं. पट्टी दाबली की स्वर येतो आणि त्या स्वरावर आपला आवाज टेकवायचा, एवढंच त्याला माहीत. त्याला तंबोऱ्यासमोर बसवलं की ते बावरतं, कारण तंबोरा षड्ज-पंचम देतो आणि बाकीचे स्वर तुमचे तुम्हाला शोधायला लावतो. हा शोध ज्याने लहानपणी केला नाही त्याचा कान पुढे दहा वर्षांनीही परावलंबी राहतो. गळा तयार होतो, ताना येतात, पण पेटी काढून घेतली की माणूस डळमळतो.

आकड्यांत सांगायचं तर षड्ज २४० कंपनांचा धरा. तंबोरा नीट लागला असेल तर त्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार बरोबर ३०० चा. समान अंतरांच्या पेटीवरचा गांधार साधारण ३०२.४ चा. फरक दिसायला बारीक आहे, पण भूप गाताना तो गांधार तंबोऱ्याशी सतत भांडतो. कोमल स्वरांची तर गोष्टच वेगळी. दरबारीचा गांधार, तोडीचा गांधार, भीमपलासचा गांधार, सगळ्यांना पेटीवर एकच पट्टी. मींड नाही (स्वरावरून स्वरावर सलग घसरत जाणं), आंदोलन नाही (स्वराचा हलका झोका).

हे दुखणं आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना बरोबर घेऊन श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं, मोजल्या, १९१० साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे क्लेमंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. ती रुळली नाही. रुळली ती बारा पट्ट्यांचीच, कारण ती स्वस्त, टिकाऊ आणि लगेच वाजणारी.

तुमची उत्तरं वाचायला मी खरंच उत्सुक आहे. नुसतं नाव नको, का ते लिहा.

पायपेटी (सातारा)

ताई, शिकवणीपुरतं तुमचं म्हणणं मान्य. तरी पेटीची दुसरी बाजू मांडल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण मी आयुष्यभर तीच वाजवली. नाटकाच्या पदांना, कीर्तनाला, आणि आता आमच्या पेठेतल्या भजनी मंडळात.

तुम्ही विचारलं की बाहेरून आलेलं काय नको होतं. माझं उत्तर: पेटीवरची बंदी. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटी बंद केली. तेव्हा रेडिओचे नियंत्रक होते लायोनेल फील्डन, बी.बी.सी.तून आलेले. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघणारे जॉन फोल्ड्स, त्यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथांनाही पेटी नको होती, त्यांनी कलकत्ता केंद्राला तसं कळवलं. स्वराच्या अंगाने त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी पेटीवाला असूनही म्हणतो. पण निर्णय कोणी घेतला? जे स्वतः साथीला बसत नव्हते त्यांनी. आणि ती बंदी तीस वर्षं चालली, १९७१ च्या सुमारास सैल झाली, तीही आधी फक्त साथीपुरती. एकल वादनाला तर कितीतरी वर्षं दार बंदच.

या तीस वर्षांत काय झालं ते आकड्यांत कुठे सापडणार नाही. रेडिओ हा त्या काळी कलाकाराचा पगार होता आणि मानही होता. गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस ज्या वाद्यावर भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याची साथ करत होता, त्या वाद्याला सरकारने सांगितलं की तू संगीतातलं नाहीस. वाजवणारे कमी झाले नाहीत, पण त्यांनी स्वतःला दुय्यम मानायला सुरुवात केली. आमच्या पिढीतल्या कितीतरी पेटीवाल्यांच्या बोलण्यात मी ते ऐकलंय: ‘आपण काय, मागं सूर धरणारे.’

आणि गावाचं काय? सारंगिया कुठल्या खेड्यातल्या देवळात येणार होता? टाळ, पखवाज, वीणा आणि पेटी, यावर आपलं भजन उभं आहे. जावळीच्या खोऱ्यात, कोयनेकाठी, जिथे गवई कधी पोचला नाही तिथे अभंगाची चाल पोचली ती पेटीच्या पाठीवरून. नाट्यसंगीत घ्या. ऑर्गनचा तो भरलेला सूर काढून टाका आणि मग बालगंधर्वांचं पद कानात आठवून बघा.

शिवाय आता २२ श्रुतींची पेटीही झालीय, डॉ. विद्याधर ओकांनी केलेली. म्हणजे दोष वाद्यातच कायमचा रुतलाय असं म्हणता येत नाही.

माहुलीचा_घाट (सातारा)

काकांना पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, १९५२ ते १९६२. मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. लोक शास्त्रीय ऐकायला लागतील असा हेतू होता. लोकांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. गीतमाला तिथूनच मोठी झाली. चांगल्या हेतूने केलेली सक्तीसुद्धा बाहेरचीच ढवळाढवळ ठरते.

मात्र त्याच केसकरांच्या काळात रेडिओवर शास्त्रीय संगीताला जेवढी जागा मिळाली तेवढी नंतर कधी मिळाली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

जवारी (मिरज)

ताई, आम्ही तंबोरे बनवणारे. हा धागा कालच वाचला, आज वर्कशॉप बंद करून लिहायला बसलोय.

तुम्ही पेटी म्हणालात, मी म्हणतो तंबोऱ्याचा डबा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोरा. आणि आता डबाही गेला, मोबाईलमधलं अ‍ॅप आलं.

मिरजेत हे काम साधारण १८५० पासून आहे. फरीदसाहेब सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानाच्या राज्यात हत्यारांचं काम आटलं आणि वाद्यांचं वाढलं. तेव्हापासून गल्लीच्या गल्ली हेच करते. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमेच्या काठचा. तो महिनोन्‌महिने वाळवायचा. लाकूड तुणाचं. तंबोरा आकाराला यायला वेळ लागतो, पण त्याचा जीव येतो जवारीत. घोडीचा माथा कानसून कानसून असा करायचा की तार त्याच्यावर नुसती टेकून थरथरली पाहिजे, मग खाली सुताचा धागा सरकवून आवाज उघडायचा. हे मोजपट्टीने होत नाही. पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं, बाईच्या पट्टीला, म्हणजे गायच्या सुराला, वेगळं, पुरुषाच्या पट्टीला वेगळं.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंगळुरात साधारण १९७९ मध्ये तयार झाला, राजनारायण यांनी केला. त्यांच्यावर माझा राग नाही. ते स्वतः बासरी वाजवायचे आणि दौऱ्यावर तंबोरा घेऊन फिरणं किती अवघड आहे ते आम्हाला कुणी सांगायची गरज नाही. मुंबईच्या लोकलमध्ये तंबोरा घेऊन चढून दाखवा. माझं दुखणं वेगळं आहे. पूर्वी शिष्य आला की पहिली काही वर्षं तो तंबोरा लावायचा. गाण्याआधी लावायचा, मध्येच उतरला की पुन्हा लावायचा. त्यात त्याचा कान घडायचा. आता बटण दाबलं की सूर चालू, आणि तोही रोज एकसारखा. आमच्याकडे विशारद झालेली मुलं येतात. खुंटी कुठल्या बाजूला पिळायची ते त्यांना माहीत नसतं. मणी कशाला असतो ते माहीत नसतं. मणी खालीवर करून सूर बारीक जुळवायचा असतो हे मी त्यांना सांगतो तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खूप आनंद झाला, खोटं बोलणार नाही. पण गल्लीतली पोरं कुपवाडच्या एमआयडीसीत जातात, कारण तिथे महिन्याला पगार येतो. मानांकनाने नाव राहतं, हात राहत नाहीत. हात राहायला रोज तंबोरा लावणारी माणसं पाहिजेत.

नागठाणे_घाट (पलूस)

आमच्या गावचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. बालगंधर्व आमचे. १९०५ साली मिरजेत त्यांनी पहिल्यांदा किर्लोस्कर मंडळीतून शकुंतला केली. त्यांच्याबाबत मी म्हणेन, सिनेमा वाटेला यायला नको होता. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांचं काम केलं. करार आणखी चित्रपटांचा होता, पण ‘प्रभात’मध्ये ते एवढ्यावरच थांबले आणि परत नाटकाकडे वळले.

अपयश का आलं याचा मी खूप विचार केलाय. ते ज्या गाण्यात वाढले त्या गाण्यात समोर माणसं होती. ‘वन्समोअर’ आला की तेच पद पुन्हा, पण वेगळ्या जागा घेऊन. प्रेक्षक आणि नट मिळून ते पद रचत होते. कॅमेऱ्यापुढे कोण दाद देणार? पदाची लांबी आधीच ठरलेली, हात कुठे ठेवायचा ते ठरलेलं. बोलपट आल्यावर नाटक कंपन्या बुडाल्या ही तर मोठी गोष्ट आहेच, पण या एका माणसाचं दुःख मला जास्त जाणवतं. कर्ज होतं म्हणून जावं लागलं.

घुमकं (तासगाव)

मी हलगी वाजवतो, घरातच कला हाय. बाप वाजवायचा, आजा वाजवायचा. शास्त्रीय मला फार कळत न्हाई पण प्रश्न कळला.

आमच्याकडं उत्तर एकच, डॉल्बी.

गणपती असू दे, वरात असू दे, निवडणुकीचा गुलाल असू दे, पयलं हलगी, घुमकं, कैताळ आणि सनई एवढं असलं की भागायचं. आमचा ताफा ठरवायला दोन म्हयने आधी माणूस यायचा. मग डॉल्बी आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतच्या भिंत बॉक्सची. सुपाऱ्या गेल्या ते तर गेल्याच. त्याच्यापेक्षा वाईट एक झालं, ते कुणी बोलत न्हाई. जिथं आम्हाला बोलावत्यात तिथं बी आता डॉल्बीसारखं वाजवा म्हणत्यात. म्हणजे निस्तं जोरात आणि निस्तं फास्ट. सिनेमाच्या गाण्याचा ठेका काढा म्हणत्यात.

हलगीचं कसं असतंय, कातडं शेकावं लागतंय. शेकोटी करून तापवायचं, मग ती बोलती. गार पडली की पुन्हा शेकायची. आता फायबरचं पान निघालंय. पावसात भिजत न्हाई, शेकायला लागत न्हाई, आवाज मोठा. मी बी वापरतो, खोटं कशाला सांगू, पावसाळ्यात दुसरा इलाज न्हाई. पर त्याच्यात घुमारा न्हाई. बोटाचं काम त्याच्यात ऐकूच येत न्हाई. धाकटी पोरं निस्ती मोठ्या काडीनं बडवत्यात, डाव्या हाताची छडी इसरली.

आमची हलगी अजून खरी ऐकायची असंल तर कुस्तीच्या मैदानात या. जोड लागली की सुरवातीला संथ. पैलवान एकमेकाला जोखत असत्यात, तवा हलगी बी जोखत असती. पट निघाला, डाव पडला की ठेका चढतो. हितं डॉल्बी चालत न्हाई, कारण कुस्ती बघून वाजवावं लागतंय. तिथं आमचा बाप अजून दिसतो मला पोरांच्या हातात.

सहा_तारा (विश्रामबाग, सांगली)

घुमकं दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुढच्या मैदानाची तारीख इथे टाका, मी रेकॉर्डर घेऊन येतो.

मी गिटार वाजवतो आणि ऐकणं बहुतेक पाश्चात्त्य. तिथल्या गोष्टी बघितल्या तर एक सारखेपणा दिसतो, तो मांडतो.

एल्विस प्रेस्ली. त्याचा मॅनेजर टॉम पार्कर, स्वतःला कर्नल म्हणवणारा. मुळात तो नेदरलँड्समधून आलेला, नागरिकत्वाचे कागद नाहीत. एल्विसने १९५७ मध्ये कॅनडात काही कार्यक्रम केले, ते सोडले तर आयुष्यात अमेरिकेबाहेर कधी गायला नाही. सगळं जग त्याला बोलावत होतं. वर्षानुवर्षं त्याला हलक्या सिनेमांत गुंतवून ठेवलं आणि कमाईतला वाटा पुढे निम्म्यापर्यंत नेला.

बीच बॉइजचा ब्रायन विल्सन. मानसिक आजारासाठी युजीन लँडी नावाचा मानसशास्त्रज्ञ नेमला. पहिल्यांदा सत्तरच्या दशकात, नंतर ऐंशीच्या दशकात चोवीस तास. उपचाराने आधी जीव वाचला असेलही, पण पुढे तोच माणूस त्याच्या गाण्यांवर सहलेखक म्हणून नाव लावायला लागला, घरात कोण यायचं ते ठरवायला लागला. १९९२ मध्ये कोर्टाने त्याला ब्रायनशी संपर्क ठेवायला मनाई केली.

आणि शोस्ताकोविच. जानेवारी १९३६ मध्ये ‘प्रावदा’त त्याच्या ऑपेरावर बिनसहीचा लेख आला, संगीताऐवजी गोंधळ असा. स्टालिन दोन दिवस आधी तो ऑपेरा बघून मध्येच उठून गेला होता. त्याच वर्षी शोस्ताकोविचने आपली चौथी सिंफनी तालमीतून मागे घेतली. ती लोकांनी ऐकली थेट डिसेंबर १९६१ मध्ये. पंचवीस वर्षं कागदावर!

आता बघा, या तिघांना एखाद्या परक्या वाद्याने किंवा परक्या रागाने बिघडवलेलं नाही. ज्याला संगीतात रस नाही पण संगीतकारावर ताबा आहे अशा माणसाने बिघडवलं. पायपेटी काकांचा मुद्दा हाच आहे असं मला वाटतं. म्हणून मला ताईंची पेटी आणि घुमकं दादांची डॉल्बी एका यादीत ठेवता येत नाही. पेटी गाणाऱ्यांनी स्वतः उचलली. डॉल्बीचा निर्णय वाजवणाऱ्याने घेतलेला नाही, तो मंडळाच्या अध्यक्षाने आणि वर्गणी देणाऱ्याने घेतलाय.

औंधवारा (खटाव)

सहा_तारा, मुद्दा आवडला पण पूर्ण पटला नाही. काही वेळा गाणाऱ्याने स्वतः हौसेने उचललेली गोष्टही त्याला आखूड करते. ७८ च्या तबकड्या घ्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण करून गेला तेव्हापासून पन्नासएक वर्षं आपला ख्याल त्या तीन मिनिटांत कोंबला गेला. मांडणी नाही, विलंबित नाही, सरळ बंदिशीचं तोंड आणि चार ताना. ज्यांनी त्या काळी तबकड्या ऐकूनच गाणं शिकलं त्यांच्या गाण्यात ती घाई आली.

पण त्याच तबकड्या नसत्या तर खाँसाहेबांचा आवाज आपण ऐकला असता का? मिरजेत त्यांची कबर आहे आणि त्यांचा ‘जमुना के तीर’ आपल्याजवळ आहे. तीन मिनिटांत त्या भैरवीत जे आहे ते काहींना तीन तासांत जमत नाही. त्यामुळे मी तबकडीला नको म्हणू शकत नाही. खूप प्रयत्न केला, जीभ रेटत नाही.

माझं नको असलेलं उत्तर आहे घड्याळ. आमच्याकडे औंधला १९४० पासून संगीत महोत्सव होतो, अंतूबुवा जोशींनी सुरू केलेला. जुनी माणसं सांगतात, पहाटेपर्यंत मैफल चालायची आणि पहाटेचे राग पहाटेच व्हायचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. सणासुदीला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. नियम ज्या गोंगाटासाठी केला तो योग्यच होता, रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना ती हवीच. पण त्याच्यात सापडलं कोण? उघड्यावरची रात्रीची मैफल. आज गावोगावी तरुण गायकांना मालकंस, दरबारी ऐकवायची वेळच मिळत नाही. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढ्यात यमन, पूरिया धनाश्री, मारुबिहाग आणि शेवटी भैरवी. एक अख्खी प्रहरांची परंपरा बंद सभागृह असलेल्या शहरांपुरती उरली. घुमकं दादांची डॉल्बी म्हणूनच मला दुप्पट खटकते. तिने गोंगाट केला आणि शिक्षा तानपुऱ्याला झाली.

जतची_लेक (जत)

सगळं वाचलं. थोडं वेगळं लिहिते.

तुम्ही सगळे व्यासपीठावरच्या कलाकारांबद्दल बोलताय. माझी आजी जात्यावर ओव्या गायची. पहाटे उठून, दळता दळता, सासर-माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, शेजारीण, दुष्काळ, सगळं त्यात. तिला कुणी कलाकार म्हटलं नाही. पण आमच्या भागात हजारो बायका रोज दोन तास गात होत्या, स्वतः रचत होत्या. असा संगीताचा रियाज कुठल्या घराण्यात होता?

मग गावात पिठाची गिरणी आली आणि एका पिढीत ओवी गेली. बाहेरून आलेल्या कुठल्याही गोष्टीने एवढं गाणं संपवलं नसेल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून निदान शब्द आणि काही आवाज राहिले.

तरीसुद्धा गिरणी आली नसती तर बरं झालं असतं असं मी कधीही म्हणणार नाही. आजीचे खांदे मी चेपलेत. ते गाणं कष्टाला चिकटलेलं होतं, आणि कष्ट गेले हे चांगलंच झालं. मला वाईट वाटतं ते एवढ्याचं की कष्ट सुटल्यावर जो वेळ मोकळा झाला त्यात गायला कुणी तिला सांगितलं नाही, बसायला जागा दिली नाही. देवळातलं भजनी मंडळ पुरुषांचं. ती मग गप्प झाली.

संगमावरची (हरिपूर, सांगली)

जतची_लेक, तुझी पोस्ट वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तुझ्या आजीच्या ओव्या कुणाला आठवत असतील तर आत्ता लिहून, गाऊन ठेव. चालीसकट. फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल.

बाकीच्यांना:

जवारी दादा, तुमचं म्हणणं आणि माझं एकच आहे. कानाने करायचं काम यंत्राकडे दिलं की कान आळसावतो. पेटी आणि अ‍ॅप, दोन्ही तिथेच येतात.

सहा_तारा, पेटी गाणाऱ्यांनी स्वतः उचलली हे बरोबर, पण माझ्याकडे येणाऱ्या सात वर्षांच्या मुलीने ती उचललेली नसते. तिच्यासाठी ती निवड दुसऱ्याने केलेली असते, आणि बहुतेक वेळा घाईमुळे. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. ते सुरू झाल्यापासून नववीत पालक येतात आणि विचारतात, किती परीक्षा किती महिन्यांत? गुण द्यावेत की नाही यावर मी बोलणार नाही, खेळाडूंना मिळतात तसे मिळोत. पण त्या पालकांना पेटीवर पाठ करून घेणारा शिक्षक हवा असतो, तंबोऱ्यासमोर वर्षभर षड्ज लावायला बसवणारा नको असतो. वाहिन्यांवरच्या गाण्याच्या स्पर्धांचंही तेच. आठ वर्षांच्या पोराने दीड मिनिटात प्रौढांचं गाणं हुबेहूब म्हणायचं, मागे पूर्ण वाद्यवृंद. तो मुलगा हरला की घरी रडतो आणि जिंकला तर पुढची पाच वर्षं तेच गाणं गावोगावी म्हणत फिरतो. त्याचा आवाज फुटायच्या वयात त्याला गप्प बसवायला हवं, तेव्हा नेमका तो सुपारीवर असतो. मी माझ्या दोन चांगल्या विद्यार्थ्यांना या वाटेने जाताना पाहिलंय आणि मला अजून त्रास होतो.

पायपेटी (सातारा)

ताई, म्हणून पेटीवर कसं शिकवावं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडलं तर. मी स्वतः मुलांना शिकवताना पहिलं वर्ष फक्त षड्ज आणि पंचम धरून ठेवतो, बाकी पट्टीला हात लावत नाही. मुलाने गायचं, मी ऐकायचं. चुकलं तर गाऊन सांगायचं, वाजवून नाही. मूल पक्कं झाल्यावर मग साथ, तीही एक मात्रा मागून. पेटी पुढे पळाली की गाणारा तिच्यामागे पळतो, मग ते त्याचं गाणं राहत नाही. भजनातही हेच पाळतो. बुवांनी चाल उचलायची, मी मागून जायचं.

आणि औंधवारा यांनी रात्रीच्या रागांचं लिहिलं ते खरं आहे. सभागृहाचं भाडं परवडत नसेल तर घरगुती बैठक हा मार्ग आहे. ध्वनिक्षेपक नको, तीस माणसं, दार लावून. दरबारीला माइक लागत नाही.

औंधवारा (खटाव)

काका, वडूजमध्ये आमच्या वाड्यात सोप्यावर चाळीस माणसं बसतात. गाणारं कुणी यायला तयार असेल तर जेवण-राहणं आमच्याकडे. दिवाळीनंतर ठेवू.

विद्यार्थिनी_कराड

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. मी चार वर्षं गाणं शिकते, घरी अ‍ॅपवरच रियाज करते. जवारी दादांची पोस्ट वाचून तंबोरा घ्यावासा वाटतोय, पण नवीन परवडणार नाही. जुना घेताना काय बघायचं? माझी पट्टी पेटीवरची काळी चार.

जवारी (मिरज)

ताई, काळी चारला बायकांचा तंबोरा घ्या, पुरुषांच्या पट्टीचा मोठा घेऊ नका. तारा ताणून ताणून दांडी वाकते. जुन्यात पहिल्यांदा भोपळा बघायचा. नखाने हळू टिचकी मारत सगळीकडून फिरायचं, कुठं आवाज बद्द आला तर तिथं आतून तडा आहे किंवा आधी जोडलाय. जोडलेला वाईटच असतो असं नाही, पण किंमत कमी सांगा. मग दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा. भोपळा आणि दांडी जिथं जुळतात तो गळा हलत असेल तर घेऊ नका. खुंट्या घसरत असतील तर काळजी नाही, खडू लावून भागतं, नाहीतर नवीन बसवून देता येतात. घोडी झिजलेली असेल तरी घाबरू नका, जवारी नव्याने काढता येते, ते आमचं रोजचं काम आहे.

घेतल्यावर लगेच गाऊ नका. आठ-दहा दिवस नुसता लावायला शिका. आधी जोडीच्या दोन तारा एकमेकींना मिळवा, मग खर्ज (खालचा षड्ज), शेवटी पंचम. अ‍ॅप बंद ठेवून. अडलं तर फोनवर आवाज ऐकवा, मी इकडून सांगतो कुठली तार उतरलीय ते. मिरजेला येणं जमलं तर सोमवारी येऊ नका, त्या दिवशी बाजारात असतो.